एक घर, एक दाणा

संक्रांत उलटली की नाशिकच्या रस्त्यांवर द्राक्षांच्या हातगाड्या येतात. आधी आंबट, मग बरी, मग महाशिवरात्रीच्या आसपास खरी गोड. दिंडोरी रस्त्याने सकाळी जावं तर पिकअप गाड्यांमध्ये उभ्याने कोंबलेली माणसं दिसतात. डोक्याला मफलर, कमरेला खोचलेली छोटी कात्री, बायकांच्या कडेवर पोर. पेठ-सुरगाण्याकडची ही माणसं. बागांमध्ये उतरतात, मणी विरळतात, घड काढतात, पेट्या भरतात आणि हंगाम संपला की घाट ओलांडून आपापल्या पाड्यांवर परत जातात.

मी द्राक्षं घेते, धुते, खाते. गोड लागतात. या दिवसांत आपल्याला काहीतरी व्हायला हवं असं मला दरवर्षी वाटतं आणि दरवर्षी काहीच होत नाही. दात काढल्यावर जीभ जशी पुन्हा पुन्हा त्या जागी जाऊन येते, तशी मी आत जाऊन चाचपून येते. तिथं सगळं बधिर आहे. दुखत नाही हीच काय ती तक्रार.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. भूगोलात एम.ए. करून मी घरात बसले होते आणि आईच्या नजरेत दिवसेंदिवस जास्त जागा व्यापत होते. तेवढ्यात नाशिकच्या एका संस्थेला दुभाषी हवी असल्याचं कळलं. एका थंड देशातलं विद्यापीठ आणि ही संस्था मिळून अभ्यास करणार होते: जंगल, पाणी आणि गवत गावाने स्वतः कसं सांभाळावं, आणि ते सांभाळता सांभाळता त्यावर पोट कसं भरावं. मला इंग्रजी येत होतं, चालायची सवय होती आणि लग्न ठरलेलं नव्हतं. तिन्ही गोष्टी त्यांना पसंत पडल्या.

तिकडून आली ती इंग्रिड. पन्नाशीची, उंच, सुती सलवार-कमीज आणि पायात डोंगर चढायचे भक्कम बूट. पाड्यावर तिला पहिल्याच दिवशी सगळे इंग्रिडबाई म्हणू लागले. ती चांगली बाई होती. हे मला आधीच सांगून टाकायचंय, कारण पुढे जे झालं त्यात वाईट माणूस शोधायला गेलं तर फार शोधावं लागतं. ती जमिनीवर बसायची, नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर मोडून खायची, म्हाताऱ्यांचं बोलणं संपेपर्यंत मध्ये तोंड उघडायची नाही. येताना मात्र ती जानेवारीत यायची. तिकडे बर्फ असायचं, तिच्या विद्यापीठाला शिकवण्यातून उसंत असायची, आणि इकडे रस्ता कोरडा असायचा, जीप थेट पाड्यापर्यंत जायची. सगळ्यांच्याच सोयीचा महिना. फक्त पाडा तेव्हा अर्धा रिकामा असायचा, कारण अर्धा पाडा द्राक्षात गेलेला असायचा. हे मला माहीत होतं. संस्थेलाही माहीत होतं. गळ टाकून बसावं आणि मासेच बाजाराला गेलेले असावेत, असला तो प्रकार होता, पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

त्या पाड्याचं नाव मी लिहीत नाही. अहवालातही नव्हतं.

माझ्या डोळ्यांसमोर तो जानेवारी येतो तो आधी वासाने येतो. जळक्या गवताचा, शेणाने सारवलेल्या अंगणाचा, आणि खोकल्यावर उगाळून दिलेल्या कसल्याशा मुळीचा. भाताची खाचरं कापून मोकळी पडलेली, त्यात बगळे. शाळेच्या पटांगणात ऊन खात बसलेली म्हातारी माणसं. हसू यायचं ते शब्दांचं. ‘शाश्वत उपजीविका’ हे लोकांना कसं सांगायचं? मी सोमाबाबाला म्हटलं, "बाबा, म्हणजे कायम टिकणारं पोटाचं साधन."

सोमाबाबा सत्तरीचा होता, पाड्यावर त्याचा शब्द चालायचा. त्याने जरा विचार केला. "पोट टिकतं गं ताई," तो म्हणाला, "त्यात घालायचं तेच टिकत नाय."

इंग्रिडला हे सांगितलं तेव्हा तिने ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

मग नकाशा. तेव्हा या नकाशांचं फार कौतुक होतं. कागदावर नाही, जमिनीवर काढायचा, आणि गावकऱ्यांनीच काढायचा. शिकलेल्यांनी हात लावायचा नाही. पटांगण झाडलं, सारवलं. रांगोळीने रस्ता आला, निळीने ओढा आला, पाल्याने जंगल आलं, कोळशाच्या भुकटीने डोंगराची कड. घरं दाखवायला मी नाशिकहून, रविवार कारंज्यावरून, किलोभर पांढरे वाल नेले होते. सारवलेल्या जमिनीवर ते फोटोत छान उठून दिसतात. एक घर, एक दाणा.

सोमाबाबा उकिडवा बसून दाणे ठेवत गेला. प्रत्येक दाण्याबरोबर त्या घराचं नाव घ्यायचा. हा देवजीचा, हा काळूचा, हा म्हातारीचा. वरच्या आळीला आला आणि त्याचा हात थांबला. तिथली घरं बंद होती. दाराला काटेरी फांदी लावून माणसं द्राक्षात गेली होती. त्यात त्याच्या स्वतःच्या लेकीचं, मंगळीचं घरही होतं. मंगळी त्याच पाड्यावर दिलेली. सोमाबाबाने हातातले उरलेले वाल परत वाटीत टाकले.

मी विचारलं, "बाबा, ही घरं राहिली की."

"राहू दे."

"पण घर तर आहे ना? मंगळीचं नाही का ते?"

तो माझ्या जवळ सरकला. मोठ्याने बोलायचं नव्हतं त्याला. "माणूस घरात नसताना त्याच्या उंबऱ्याशी दाणा ठेवायचा, तो गेलेल्यासाठी. बाराव्याला ठेवतात. जित्या माणसासाठी नाय ठेवीत. ठेवला तं ते माणूस परत फिरत नाय. मी माझ्या पोरीला असं करू काय?"

आजूबाजूच्या म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. त्यांचीही मुलं, सुना, नातवंडं त्याच आळीतली होती. त्यांच्या लेखी तो नकाशा पूर्ण झाला होता. ज्यांच्यावर त्यांचा जीव होता, नेमकी तीच माणसं त्यांनी त्यातून जपून बाहेर ठेवली होती.

इंग्रिडने मला विचारलं, वरच्या बाजूला घरं नाहीत का. उत्तर लांब होतं. उन्हं डोक्यावर आली होती, ड्रायव्हर दोनदा घड्याळ दाखवून गेला होता, बाराव्याला इंग्रजीत काय म्हणावं ते मला पटकन सुचत नव्हतं. मी म्हणाले, तिथं कोणी नाही. तिने मान डोलावली. त्याच ओघात पाड्याच्या मागच्या करवंदीच्या उताराबद्दल विचारलं गेलं: हा कोण वापरतं? बसलेल्यांनी खरं तेच सांगितलं, "आमच्यातलं कोणी नाय वापरीत." वापरणारे द्राक्षात होते. मी वहीत लिहिलं: वापर नाही.

दोन शब्द. माझं अक्षर तेव्हा सुरेख होतं.

त्या दोन शब्दांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगता येतं. गावाची वनसमिती झाली. नकाशा कापडावर उतरवून शाळेत टांगला. समितीने ठरवलं की जो उतार कोणी वापरतच नाही तो राखायचा; कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, झाडं वाढू द्यायची. ठराव सगळ्यांनी हात वर करून केला. सगळे म्हणजे जे होते ते सगळे. असा एकमताचा ठराव आमच्या अभ्यासातल्या दुसऱ्या कुठल्याच गावात झाला नव्हता, आणि आम्ही त्या दिवशी पेठच्या बाजारातून पेढे मागवले होते.

मंगळी वैशाखात आली. तिला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक, काळी, चालताना पुढे झुकणारी. बोटांची टोकं औषधात घड बुडवून बुडवून पिवळी पडलेली. करवंदीच्या उतारावर तिची नागलीची पट्टी होती आणि पट्टीच्या कडेची झाडं ती राबासाठी छाटायची. पावसाआधी रोपांच्या वाफ्यावर फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात, तो राब. तो भाजल्याशिवाय नागलीचं रोप धरत नाही. ती कोयता घेऊन उतारावर गेली आणि समितीच्या राखणदाराने कोयता काढून घेतला. त्याने नियमाप्रमाणेच केलं. आम्हीच त्याला शिट्टी आणि खाकी टोपी दिली होती.

ती तडक शाळेत आली. मी कसले तरी तक्ते भरत बसले होते. तिने भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून विचारलं, "ताई, यात माझं घर कुठं हाय?"

तिने बोट ठेवून रस्ता धरला, ओढा ओलांडला, बापाच्या घरावर आली, तिथून वर सरकली. वर नुसतं कापड होतं. तिचं बोट तिथं बराच वेळ फिरत राहिलं. मग तिने मला विचारलं, "आम्ही इथं ऱ्हात नाय काय?"

"पुढच्या वेळी दुरुस्त करू," मी म्हणाले.

तेव्हा मला लाज वाटली होती. हे नोंदवून ठेवते, कारण ती शेवटची. त्यानंतर जे यायला हवं होतं ते आलं नाही. त्या पावसाळ्यात मंगळीने नागली लावली नाही. दिवाळी झाल्याबरोबर ती नवऱ्या-पोरांसह द्राक्षात गेली ते शिमग्यालाही आली नाही, वैशाखातही दोनच दिवस आली. पुढच्या वर्षी तेवढीही नाही. पाड्यावर धान्य नसेल तर पाड्यावर राहायचं कशावर? तिच्या घराच्या दाराची काटेरी फांदी वाळून गळून पडली आणि सोमाबाबाने नवी लावली.

मी अधूनमधून जायची तेव्हा तो एकच विचारायचा. "ताई, तो उतार सोडतील का? ती आली असती मग." तो रडायचा नाही, तक्रार करायचा नाही. तेवढंच विचारायचा आणि गूळ घातलेला कोरा चहा पुढे करायचा. मी म्हणायची, पाहुणे पुन्हा येणार आहेत, तेव्हा मांडू.

पाहुणे यायला चार-पाच वर्षं गेली. नवीन शतक लागलं होतं, संस्थेत कॉम्प्युटर आला होता, माझं लग्न होऊन मोडायला आलं होतं. अभ्यासाचा दुसरा टप्पा मंजूर झाला. इंग्रिडचा ई-मेल आला: पहिल्या नकाशात काही चुकलं असेल तर दुरुस्त करायला तिला आवडेल, समितीची सभाही घेऊ, तारखा तू ठरव. खरोखर असंच लिहिलं होतं. तारखा तू ठरव.

मी जानेवारीचा शेवटचा आठवडा ठरवला.

का, ते मी स्वतःला अनेकदा विचारलंय. तिला बर्फाचे दिवस सोयीचे. जीप जायला हवी. शाळेला जोडून सुट्टी होती. सवयीने हात कॅलेंडरच्या त्याच पानावर गेला. कुठलाच डाव नव्हता, कुणाचा दबाव नव्हता. मंगळीच्या घरासाठी म्हणून भरवलेली सभा मी मंगळी येऊ शकणार नाही अशाच दिवशी ठेवली, आणि हे माझ्या लक्षात आलं ते पत्रं गेल्यावर.

मग मी तिला सांगायला बागेत गेले. दिंडोरीच्या पुढे, आत. मांडवाखाली हिरवा उजेड, औषधाचा उग्र वास, आणि पन्नास कात्र्यांचा बारीक एकसारखा आवाज. ती वाकून घड बघत होती. हात न थांबवता तिने ऐकून घेतलं.

"मला नाय जमायचं, ताई. माल परदेशी चाललाय, गाडी भरेपर्यंत मुकादम कोणाला सोडीत नाय. मी गेले तं अख्खी टोळी काढील." मग म्हणाली, "तुम्ही आगोटीला, पावसाच्या तोंडावर, का नाय ठेवीत सभा? तव्हा सगळी असतात."

"पाहुण्यांना जमत नाही."

"हां," ती म्हणाली. तिला ते लगेच पटलं. "मग बाबाला म्हणा, माझ्या घराचं सांग. तो सांगंल. मला तिकडंच जायचंय, ताई. पोरं इथली बोली बोलाय लागली."

सभेच्या दिवशी पुन्हा सारवण, रांगोळी, नीळ, पाला. मी पुन्हा वाल नेले होते. सोमाबाबा आता फार वाकला होता. मी मंगळीचा निरोप सांगितला. त्याने सभेत उभं राहून सांगितलंही की वरच्या आळीत घरं आहेत, माझ्या लेकीचं घर आहे, करवंदीला तिची पट्टी होती. समितीचा अध्यक्ष चांगला, नियमाला धरून चालणारा माणूस. तो म्हणाला, "बाबा, तोंडी कसं धरायचं? उद्या कोणीही उठंल. नकाशाला दाणा ज्याचा, उतारावर हक्क त्याचा. असंच ठरलंय ना, ताई?"

असंच ठरलं होतं. आमच्याच पुस्तिकेत होतं. मी मान हलवली.

सोमाबाबा नकाशाजवळ बसला. वाटीतून एक दाणा उचलला. तळहातावर घेऊन तो एवढा वेळ बसला की इंग्रिडने कॅमेरा खाली केला. मग त्याने लेकीचं नाव घेतलं, अगदी स्पष्ट, आणि तो दाणा वरच्या आळीत ठेवला. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. बाकीच्या बंद घरांची म्हातारी माणसं तिथंच बसून होती, त्यांच्यातल्या कोणीही हात पुढे केला नाही. अध्यक्षाने रजिस्टरात लिहिलं: एक घर वाढले.

आम्ही निघालो तेव्हा सोमाबाबा ओढ्यावरून येत होता. धोतर ओलं, डोक्यावरून पाणी निथळत होतं, थंडीने दातांवर दात आपटत होते. इंग्रिडने जीपमधून हात हलवला. ती म्हणाली, या थंडीत, या वेळी अंघोळ? मी म्हणाले, हो, इथं अशीच पद्धत आहे.

हे मात्र मी खोटं बोलले नव्हते.

अहवाल सुंदर निघाला. मुखपृष्ठावर त्या नकाशाचा फोटो आहे. पांढरे दाणे खरंच उठून दिसतात. करवंदीचा उतार मी दोन वर्षांपूर्वी लांबून पाहिला. ऐनाची झाडं माथ्यापर्यंत गेलीत, भर उन्हाळ्यात खाली ओढ्याला पाणी असतं. बाहेरून माणसं बघायला येतात आणि त्यांनी यावंच, इतकं ते रान देखणं झालंय. त्यातली एक पट्टी समितीच्या ठरावाने मंगळीच्या नावावर आहे. तिच्यात गुडघाभर गवत आहे. तिथं कोणी नागली लावत नाही, कोणी राब भाजत नाही. सोमाबाबा त्या सभेनंतरच्या पावसाळ्यात गेला, आणि त्याच्यामागे काटेरी फांदी बदलणारंही कोणी उरलं नाही.

मला लोक विचारतात, एवढं काम केलंत, त्यावर लिहीत का नाही. मी म्हणते, वेळ होत नाही. वेळ पुष्कळ आहे. बसलं की मला रांगोळी दिसते, नीळ दिसते, वाटी दिसते, आणि त्याच्यामागून काही येत नाही. एखादीला हुंदका तरी आला असता. मी उठून चहा टाकते.

ठरावाची नक्कल घेऊन मी सभेनंतर आठवड्याने बागेत गेले होते. मला वाटलं होतं मी चांगली बातमी नेतेय. दुपारची सुट्टी होती, मंगळी मांडवाच्या टोकाला भाकरीचं फडकं सोडून बसली होती. मी कागद वाचून दाखवला. पट्टी तिची. राबासाठी कडेची झाडं छाटायची मुभा. ती ऐकता ऐकता हसायला लागली, तोंडावर हात घेऊन, लहान मुलीसारखी. नवऱ्याला तिने तिथूनच हाक मारली, "अवो, शिमग्याला जाऊ!"

"अध्यक्ष मानतच नव्हते," मी म्हणाले. "पण बाबांनी केलं. तुझ्या घराचा दाणा ठेवला नकाशात."

तिचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, नुसतं. "काय ठेवला?"

"दाणा. वालाचा."

"माझ्या उंबऱ्याशी?"

मला तेव्हा कळलं. म्हणजे मला आधीपासून माहीतच होतं, कित्येक वर्षांपासून, सोमाबाबाने मला जवळ येऊन सांगितलं होतं. तेव्हा नुसतं कळलं.

"माझं नाव घेऊन?" तिने विचारलं.

"हो."

"मग अंघोळ केली असंल त्यानं."

मी मान हलवली. तिने भाकरी फडक्यात गुंडाळली, गाठ मारली, सोडली, पुन्हा मारली. नवरा येऊन उभा राहिला होता आणि आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होता. तिकडे मुकादमाने हाळी दिली, माणसं उठायला लागली. "आता मी कुठल्या तोंडानं तिकडं जाऊ," ती म्हणाली, मला नाही, कोणालाच नाही. मग माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं, आणि तिथं विचारण्यासारखं शिकलेलं माणूस मीच होते.

"खडा नसता का चालला, ताई?"

"चालला असता," मी म्हणाले.